गुपिताची गॅरंटी

...नाही, पण मला एक सांगा, आपण काही विचारलं की जो माणूस उलट आपल्यालाच विचारतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’, त्याच्याशी बोलायचं तरी कसं? मी गाद्यांचा व्यापारी. तीस वर्षं दुकानात बसतोय. गिऱ्हाईक विचारतं, ही गादी घेऊ का ती, आणि मी जर म्हणालो, ‘तुम्हाला काय वाटतं?’, तर ते दोन पायऱ्या उतरून पुढच्या दुकानात जाईल, आणि जावंच त्यानं. पण या थेरपिस्ट मॅडम... तासभर समोर बसतात, पाण्याचा ग्लास पुढे सरकवतात, आपल्याला बोलतं करतात, आणि वर सांगतात, इथलं इथंच राहतं. अहो, राहणारच! तुम्ही तोंड उघडलंत तर बाहेर जाणार ना?

तुम्हाला सांगतो, मी तिकडे हौसेनं गेलो नाही. झालं काय, सकाळी दुकानाचं शटर उचलायला वाकलो की छातीत गच्च व्हायचं. श्वास अर्ध्यावर अडकायचा, तळहात ओले, कानात शिट्टी. घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला वायरी चिकटवल्या, लांबलचक कागद काढला, रक्त घेतलं, आणि म्हणाले, यंत्र ठणठणीत आहे. संध्याकाळी शटर ओढताना होतं का? नाही. दुसरं काही उचलताना? म्हटलं, डबलबेडची गादी एकटा टेम्पोत चढवतो, काही होत नाही. फक्त सकाळी, फक्त शटर. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरनं चष्मा काढला की समजावं, आता गोळी नाही, पत्ता मिळणार. म्हणाले, मनात काहीतरी साठलंय, तिथे जाऊन बोला. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या मनात साठायला जागाच नाही, आत येण्याआधी तोंडातून बाहेर पडतं. बाजारात मला ‘भोंगा’ म्हणतात, तुम्हीही म्हणता, पाठीमागे. ते नको तितक्या जोरात खोकले आणि पत्ता लिहून दिला.

दुसरा मजला. बाहेर बसायला एक सोफा, समोर दोन दारं. डाव्या दारामागे आमच्या मॅडम, उजव्या दारामागे दुसऱ्या मॅडम. दोघी दुपारी एकाच टेबलावर डबा खातात, हे मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं, कारण व्यापारी माणसानं कुठंही गेलं की कोण कोणाबरोबर जेवतं हे आधी पाहावं. सोफ्यावर अंगठा दाबून पाहिला. आमच्या वडिलांची शिकवण, बसण्याआधी अंगठा दाबायचा, आत काय भरलंय ते अंगठा सांगतो. फोम पार बसलेला. म्हटलं, ज्यांना स्वतःचा सोफा कळत नाही, त्यांना माझं मन काय कळणार?

आत गेलो. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, आवाज मऊ, पण कागद कडक! आधी कागदच समोर ठेवला. म्हणाल्या, तुम्ही इथे बोलाल ते मी कुणाला सांगणार नाही. घरी नाही, तुमच्या डॉक्टरांना नाही, तुम्ही इथे येता हेसुद्धा नाही. मी टिपणं काढीन ती कुलपात राहतील. कधी वरिष्ठांचा सल्ला घ्यावा लागला, तर तुमचं नाव, दुकान, ओळख पटेल असं काहीही न सांगता घेईन. मी म्हटलं, झकास. मग म्हणाल्या, ‘पण काही अपवाद आहेत.’ म्हटलं, आता कशी ओळखीची भाषा आली! अहो, गादीची गॅरंटी मी रोज समजावतो. दहा वर्षं गॅरंटी, पण पाणी सांडलं तर नाही, जळली तर नाही, उंदरानं कुरतडली तर नाही, पोरांनी उड्या मारल्या तर नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मग उरलं काय? तेच मी विचारलं, मॅडम, मग उरलं काय? मॅडम हसल्या नाहीत. सांगितलं, तुमच्या स्वतःच्या जिवाला धोका वाटला, तुमच्यापासून दुसऱ्या कुणाला धोका वाटला, एखाद्या मुलाला कुणी इजा करतंय असं कळलं, नाहीतर कोर्टाचा हुकूम आला, तरच मला बोलावं लागेल, तेही लागेल तेवढंच, आणि जमलं तर आधी तुम्हाला सांगून. बाकी सगळं, इथलं इथंच राहतं. मी विचारलं, उंदीर नाही? म्हणाल्या, नाही. सही करून टाकली.

आणि सहीची शाई वाळायच्या आत घोळ घातला. त्यांनी साधं विचारलं, घरी कोण कोण? मी म्हटलं, मी, बायको, मुलगी नोकरीच्या गावी, आणि एक धाकटा भाऊ, तो तीन वर्षांपूर्वी वेगळा झाला, याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यानं गाद्यांचंच दुकान काढलंय, समोर आला तर गळा दाबीन. मॅडमनी पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाल्या, ‘असं करायचं तुम्ही खरंच ठरवलंय का?’ मी म्हटलं, छे हो, बोलायची पद्धत. मी तर टेम्पोवाल्याचाही गळा दाबीन म्हणतो, नळवाल्याचाही, शेजारच्या पडदेवाल्याचा तर दिवसातून दोनदा. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे यादी आहे?’ अहो, पंधरा मिनिटं मी एकेकाला जिवंत ठेवत बसलो होतो! नळवाल्यावर माझं किती प्रेम आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पण खरी गोष्ट तुम्हाला सांगतो. भावाचं नाव निघालं आणि माझी वाचा बसली. कारण या भोंग्यात एक गोष्ट अडकलेली होती, तीन वर्षं, बायकोलाही न सांगितलेली. बाजाराला मी सांगत आलो होतो की धाकटा हावरट, त्याला स्प्रिंगच्या गाद्यांचं खूळ, मोठं व्हायची घाई, म्हणून गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं काय ते फक्त मला माहीत, त्याला माहीत, आणि त्याच्या सासऱ्यांना. ते बाहेर फुटलं असतं तर बाजारात मान वर करून चालता आलं नसतं. आणि न सांगावं तर सकाळचं शटर. मग म्हटलं, सांगायचं, पण आधी माल तपासून.

खरा माल दुकानात कधी लगेच काढायचा नसतो. आधी हलका दाखवायचा. तीन मंगळवार मी मॅडमना नुसती सॅम्पलं दाखवली. एकदा गुडघा, एकदा पडदेवाल्याची पाटी माझ्या पाटीपेक्षा वीतभर पुढे येते ते, एकदा मुलगी फोनवर ‘बरं बरं’ म्हणते त्याचं दुःख. मॅडमनी गुडघासुद्धा मन लावून ऐकला.

तेवढ्यात घरी वेगळाच भडका. आमच्या हिला राहवेना, मी तिथे तिच्याबद्दल काय बोलतो. केला फोन! मॅडमना म्हणाली, आमचे हे येतात ना तुमच्याकडे, मंगळवारी? मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे कोण येतं कोण नाही, हे मी सांगू शकत नाही. झालं. मी घरी आलो तर ही कमरेवर हात ठेवून उभी. ‘अहो, ती बाई तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. दर मंगळवारी भांग पाडून तुम्ही जाता कुठं?’ आता काय सांगणार! शपथा घेतल्या, कागद दाखवला, तर म्हणते, यावर तुमचीच सही आहे, तिची कुठाय? शेवटी मॅडमकडून दुसरा कागद मागून त्यावर लिहून दिलं की मी येतो, एवढंच, फक्त एवढंच, माझ्या बायकोला सांगायला माझी हरकत नाही. तो फोन झाला तेव्हा कुठं मला घरात चहा मिळाला. इथलं इथंच राहतं, म्हणे! संसार बाहेर राहायची वेळ आली होती.

पण मी मनातून खूश झालो, बरं का. म्हटलं, बायकोला दाद दिली नाही, म्हणजे माल पक्का दिसतोय. तरी एक तपासणी राहिली होती, ती बाजारातली. आमच्याकडे नवा माणूस विश्वासाचा आहे की नाही, हे पाहायची रीत आहे. त्याच्या कानात एक खोटी बातमी सोडायची, दुसऱ्या कुणाला सांगायची नाही, आणि आठ दिवस वाट पाहायची. बातमी बाजारातून फिरून आपल्याकडे परत आली, तर माणूस कच्चा. एका घाऊक फोमवाल्याला मी असंच सांगितलं होतं की मी दुकान वरच्या मजल्यावर नेतोय, दुसऱ्या दिवशी जिनेवाला मोजमाप घ्यायला हजर! तर चौथ्या मंगळवारी मी मॅडमना आवाज खाली करून म्हटलं, कुणाला बोलू नका, मी गाद्या बंद करून शोभेच्या माशांचं दुकान काढतोय. काचेच्या पेट्या, रंगीत मासे, बुडबुडे, सगळं. मॅडमनी लिहून घेतलं. विचारलं, ‘माशांबद्दल कधीपासून वाटतंय?’ मी म्हटलं, लहानपणापासून. अर्धा तास मी माशांवर बोललो. मला मासे बघितले की चक्कर येते.

एक दिवस गेला. दोन गेले. बाजार गप्प. चार दिवस गेले, कुणी माशाचं नाव काढेना. मला तर करमेना. सहाव्या दिवशी पडदेवाल्याला सहज विचारलं, काय रे, माझ्याबद्दल काही ऐकलंस का? कसलं? म्हटलं, माशांबिशांचं? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग बरं. मग चहावाल्याला विचारलं. मग कुलपवाल्याला. मग बँकेत रांगेत उभा होतो, पुढच्या मागच्यांना विचारलं, कारण तपासणी करायची तर पूर्ण करावी. आणि नवव्या दिवशी काय सांगू, सकाळी दुकानात एक बाई आल्या, लेकराचं बोट धरून, ‘ते मासे कधी येणार?’

मी तडक मॅडमकडे. वेळ नव्हती तरी गेलो, सोफ्यावर बसून राहिलो, दार उघडताच आत घुसलो. म्हटलं, हेच का तुमचं इथलं इथंच? बाजारभर झालंय! मॅडमनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तुम्ही आणखी कुणाला बोलला होतात?’ म्हटलं, कुणालाच नाही, मी काय वेडा आहे? फक्त विचारलं. काय विचारलं? म्हटलं, हेच, की माझं माशांचं काही ऐकलंत का. किती जणांना? मी बोटं मोजायला लागलो. दोन्ही हातांची संपली तेव्हा माझा आवाज आपोआप बसला. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दुसरा कुणी असता तर हसला असता, मी स्वतः हसलो असतो. मग म्हणाल्या, ‘तपासून झालं असेल तर, ज्याच्यासाठी तपासलंत ते आज बोलायचं का?’

तुम्हाला सांगतो, असा सौदा माझ्याशी उभ्या जन्मात कुणी केला नाही. खोटा माल ओळखला, तोंडावर आपटला नाही, आणि खऱ्याची मागणी केली.

मग सांगितलं. आमच्या शटरला दोन कड्या आहेत. वडिलांनी दुकान रुंद बांधलं, एका माणसाला शटर जड जातं. सत्तावीस वर्षं उजवी कडी माझी, डावी धाकट्याची. एक, दोन, तीन, असं म्हणून उचलायचं. तो गेल्यापासून मी एकटा मधोमध वाकतो आणि डावीकडे बघत नाही. आणि तो गेला तो हावेनं नाही. त्याला हौस होती, दर्शनी काचेमागे पलंग मांडायचा, त्यावर नवी गादी टाकायची आणि स्वतः झोपून दाखवायचं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल, काय सुख आहे! मला ते पटत नव्हतं. गादी अंगठ्यानं बघायची वस्तू, लोळून नाही. एका दुपारी त्याचे सासरे दुकानात आले, जावयाच्या दुकानातून गादी घ्यायची म्हणून मुद्दाम आले, आणि हा काचेमागे पडलेला. मला काय झालं कुणास ठाऊक. सासऱ्यांसमोर मी ओरडलो, ‘ऊठ! लोळण्याशिवाय तुला आयुष्यात दुसरं आलंय काय?’ तो उठला. चादर सारखी केली. चपला घातल्या आणि गेला. चादर सारखी केली हो त्यानं...

हे सांगितलं आणि काय सांगू, नाक, डोळे, सगळं एकदम. मॅडमनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला. मग हळूच विचारलं, हे तुम्ही भावाला बोललात का? मी म्हटलं, मी कसा बोलू? मी थोरला! मॅडम, तुम्ही सांगा ना त्याला. त्या म्हणाल्या, नाही सांगू शकत. म्हटलं, सहज, बाजारात भेटला तर? नाही. नुसता इशारा? नाही. म्हटलं, मी हरकत नाही म्हणून तिसरा कागद लिहून देतो. त्या म्हणाल्या, तुमचा निरोप पोचवणं हे माझं काम नाही. बघा म्हणजे! नऊ दिवस मी एक बातमी फुटू नये म्हणून जागता पहारा दिला, आणि आता हात जोडून सांगतोय, मॅडम, एवढं एक फुटू द्या, तर फुटेना! तेव्हा त्या म्हणाल्या, ‘गुपित पाळायचं बंधन माझ्यावर आहे. तुमच्यावर नाही.’

म्हणजे इथलं इथंच राहतं ते त्यांच्या बाजूनं. आपल्या बाजूला दार उघडंच होतं. हे त्यांनी पहिल्या दिवशी ठळक अक्षरात छापायला नको का?

तरी मी काही गेलो नाही भावाकडे. दर मंगळवारी मॅडमना सांगायचो, पुढच्या आठवड्यात नक्की. असे महिने गेले, सहा की सात. रस्त्याच्या त्या टोकापर्यंत चालत जायचो, त्याच्या दुकानाची पाटी दिसली की चप्पल चावते म्हणून परत.

मग एका मंगळवारी फोमचा ट्रक यायचा होता, म्हणून मॅडमनी मला गुरुवारची वेळ दिली. गेलो. सोफ्याच्या टोकाला एक माणूस दाराकडे पाठ करून बसलेला. पाठीवरून काही कळलं नाही, अंग सुटलं होतं. पण तो बसल्या बसल्या सोफ्यावर अंगठा दाबत होता.

माझे पाय तिथंच. परत फिरावं तर जिना आठवेना. शेवटी तोंडातून निघालं, ‘फोम बसलाय.’

त्यानं मान वळवली नाही. म्हणाला, ‘बत्तीस घनतेचा आहे.’

‘अठ्ठावीसचा. बत्तीस सांगून गळ्यात मारलाय.’

‘असेल.’

साडेतीन वर्षांनंतरचं आमचं हे पहिलं बोलणं. मग तो म्हणाला, तू इथे कसा? मी म्हटलं, गाद्या लागतात का विचारायला आलो होतो. तू? म्हणाला, मीपण. दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघतोय, तर दोघांच्या हातात मॅडमनी वेळ लिहून दिलेला छोटा कागद! मी विचारलं, कुठलं दार? म्हणाला, उजवं. किती दिवस? सात महिने. कुणी पाठवलं? तर आमच्याच डॉक्टरांनी, आणि त्याही माणसानं मला चकार शब्दानं सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दोन्ही दारं एकदम उघडली. डाव्या दारात आमच्या मॅडम, उजव्या दारात त्याच्या. आणि तुम्हाला सांगतो, दोघींच्या चेहऱ्यांवर जशी काही इस्त्री फिरवलेली. त्या याच्याकडे बघत नाहीत, या माझ्याकडे, आणि दोघी एकमेकींकडे तर मुळीच नाही. मी म्हटलं, मॅडम, दोन मिनिटं थांबा, आता मी दोन्ही खोल्यांच्या बाहेर उभा आहे, इथे तुमचा कायदा नाही. आणि धाकट्याला तिथेच सांगून टाकलं, की त्या दिवशी मी बोलायला नको होतं. सासऱ्यांसमोर तर नकोच नको. तू गादी दाखवत होतास आणि मी तुला लोळतोस म्हणालो. चुकलं माझं.

त्यानं पुन्हा सोफ्यावर अंगठा दाबला. मग म्हणाला, ‘दादा, मी झोपलो होतो.’

‘म्हणजे?’

‘खरंच झोपलो होतो. घोरत होतो. सासऱ्यांनी काचेवर टकटक केली तरी उठलो नाही. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? म्हणून गेलो. लोकांना सांगत राहिलो, दादानं दाखवू दिलं नाही.’

अहो! साडेतीन वर्षं मी शटरखाली गुदमरतोय, आणि हा झोपला होता! मी आमच्या मॅडमकडे वळलो. म्हटलं, सात महिने! या भिंतीच्या अलीकडे एक भाऊ रडतोय, माझं चुकलं म्हणून, पलीकडे दुसरा रडतोय, माझंच चुकलं म्हणून, मध्ये चार बोटांची भिंत, दुपारी एक टेबल! डबा खाताना बोलता तरी काय तुम्ही? आमच्या बाजारात हे एका चहात मिटलं असतं. मॅडम म्हणाल्या, ‘डबा खाताना आम्ही डबाच खातो.’ पण डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. आमच्या मॅडमच्या म्हणजे. दुसऱ्यांचं मी बघितलं नाही, त्या त्याच्या.

तर दुसऱ्या दिवसापासून डाव्या कडीला धाकटा. छातीत गच्च होणं गेलं, डॉक्टर म्हणाले, बघा, मी म्हटलं होतं ना. तुम्हाला वाटेल, सुटला बिचारा. कसला सुटतोय! धाकट्यानं त्याच दुपारी पडदेवाल्याला सगळं सांगितलं, मी काय ओरडलो होतो, तो कसा घोरत होता, दादा मॅडमपुढे कसा रडला, रुमाल किती लागले (तेही मीच त्याला सांगून बसलो होतो), सगळं रंगवून. संध्याकाळपर्यंत चहावाला मला रुमाल हवा का विचारायला लागला. त्याच्या दुकानावर त्यानं बायकोला बसवलंय, ती त्याच्यापेक्षा चांगलं चालवते, आणि हा माझ्याकडे. येतो सकाळी, जातो संध्याकाळी. मधला सगळा वेळ बोलतो. गिऱ्हाइकाला मी फोम समजावत असलो की हा मधूनच स्प्रिंग समजावतो. मी गॅरंटी सांगितली की हा अपवाद सांगतो.

म्हणून मी मंगळवार काही सोडला नाही. परवा मॅडमनी विचारलं, आता तर सगळं मार्गी लागलं, मग अजून काय त्रास होतोय? मी म्हटलं, मॅडम, नवा कागद कशाला फाडता, जुन्याच पानावर लिहा, तक्रार तीच आहे, धाकटा भाऊ. आधी तो नव्हता... आता तो आहे.